दोन मिलिमीटर आणि अकरा कोंबड्या

ड्रिलमास्तरांचं पत्र सकाळी साडेसात वाजता आलं. टपालाने नव्हे, दोन घरांच्या मध्ये जी दगडांची ओळ आहे तिच्यावरून हात लांब करून. मास्तरांनी ते पट्टीकाकांच्या हातात ठेवलं, "वाचा" एवढंच म्हणाले आणि टाचांवर गर्रकन वळून घरात गेले. जन्मभर शाळेच्या मैदानावर मुलांना उजवे-डावे करायला लावलेला माणूस, पत्र देतानासुद्धा कवायत सोडायचा नाही.

पत्रात सहा मुद्दे होते. काकूंच्या अकरा कोंबड्यांनी कोबीची रोपं उकरली, टोमॅटो टोचले, पायपुसण्यावर नको ते केलं वगैरे. ते सगळं खरंच होतं, त्यामुळे काकांना त्याचा राग यायचं कारण नव्हतं. पण चौथ्या मुद्द्याच्या शेवटी एक वाक्य होतं : 'आपली हद्द कुठे संपते हे आपणास ठाऊक नसावे.'

"मला?" काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले. "हद्द? मला ठाऊक नाही?"

"चहा गार होतोय," काकू म्हणाल्या.

आता ह्यात एवढं चिडण्यासारखं काय, असं कुणालाही वाटेल. पण पट्टीकाका चौतीस वर्षं मोजणी कचेरीत आरेखक होते. मोजणीदार उन्हातान्हात फिरून वहीत आकडे लिहून आणायचा आणि काका त्यांचा नकाशा करायचे. हजारो लोकांच्या हद्दी त्यांनी शाईने आखल्या होत्या. नोकरीच्या पहिल्या दिवशी कचेरीने दिलेला खोडरबर त्यांनी निवृत्तीच्या दिवशी कागदी वेष्टणासकट परत केला होता, आणि तशी पावतीही घेतली होती. सहा इंची पट्टी मात्र स्वतःची, ती अजून खिशात असायची. भाकरी वाकडी झाली की ते काही बोलायचे नाहीत, पण हात खिशाकडे जायचा. काकूंना तेवढं पुरे व्हायचं.

काकूंचं ह्या पट्टीशी जुनं वैर. लग्नाचा फोटो भिंतीवर आहे, त्यात चाळीस माणसं कॅमेऱ्याकडे बघतायत आणि नवरदेव एकटा वर, मागच्या पडद्याच्या दांडीकडे. दांडी तिरकी होती म्हणे. "ह्या माणसाला लग्नाच्या दिवशीसुद्धा काही म्हणता काही वाटलं नाही," असं काकू आल्यागेल्याला तो फोटो दाखवून सांगत, आणि काका त्यावर प्रामाणिकपणे म्हणत, "दांडी तिरकी होतीच."

असो. कोंबड्यांकडे वळू.

मास्तरांच्या गळ्यात अजून शाळेतली शिट्टी असे. कोंबडी दगड ओलांडून आली की ते फुंकत. पहिले तीन दिवस कोंबड्या जीव घेऊन पळाल्या. चौथ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं, की मास्तर कुदळ घेऊन बाहेर आलेले असतात तेव्हाच शिट्टी वाजते, आणि कुदळ म्हणजे ताजी उकरलेली माती, आणि माती म्हणजे गांडुळं. तेव्हापासून शिट्टी वाजली की अकराच्या अकरा कोंबड्या जिथे असतील तिथून एका रांगेत धावत मास्तरांपुढे हजर होऊ लागल्या. इतकी शिस्तीची तुकडी मास्तरांना उभ्या नोकरीत मिळाली नव्हती. पण त्यांना त्याचं कौतुक नव्हतं.

"कुंपण घालतो," काकांनी जाहीर केलं. "असं घालतो की हद्द म्हणजे काय ते ह्या माणसाला रोज दिसलं पाहिजे."

ही बातमी बाहेर पडायचा अवकाश, सल्ल्यांना ऊत आला. दूधवाली म्हणाली, कुंपण कशाला, पंख कातरा. काकू म्हणाल्या, आधी तुझी वेणी कातरते. पोस्टमन म्हणाला, कुत्रा पाळा. कुत्र्याने कोंबड्या खाल्ल्या तर? "मग कुंपणाचा प्रश्नच मिटला की," पोस्टमन म्हणाला. कोपऱ्यावरच्या कंपाउंडरने गंभीरपणे सुचवलं, की कोंबड्यांना घरीच पोटभर घाला, म्हणजे त्या बाहेर जाणार नाहीत. हा स्वतः दिवसाकाठी चार घरी चहा पिऊन जेवायला पाचव्या घरी जाणारा माणूस. त्याने पोटाबद्दल बोलावं, ह्याचंच काकांना नवल वाटलं.

शेवटी जाळीवाला आला. "किती फूट आहे?" असं विचारून उत्तराची वाट न बघता तो लांब ढांगा टाकत चालत सुटला. "चाळीस ढांगा. म्हणजे एकशे वीस. माझी ढांग तीन फुटाची आहे."

काकांनी त्याला जिथल्या तिथे उभं केलं आणि वाकून त्याची ढांग पट्टीने मोजली. दोन फूट आठ इंच.

"ह्या ढांगेवर तुम्ही आजवर कुंपणं घातलीत?" काकांनी पट्टी छातीशी धरून विचारलं.

"एकही पडलेलं नाही," जाळीवाला म्हणाला, आणि त्याने पहार उचलून दगडांच्या ओळीपाशी पहिला खड्डा घ्यायला सुरुवात केली.

तेवढ्यात लांबलचक शिट्टी वाजली. अकरा कोंबड्या मास्तरांकडे धावल्या.

"थांबा!" मास्तर कोंबड्यांच्या गराड्यातून ओरडले. "हे दगड म्हणजे हद्द हे कुणी सांगितलं? मागच्या मालकाने गुलाबाच्या वाफ्याला मांडलेत ते. मोजणी करून मग खड्डा घ्या!"

मोजणी करून! हे पट्टीकाकांना सांगत होते! काकांनी जागा घेतल्यापासून तिला टेप लावली नव्हती, कारण खात्याच्या नकाशावर शंका घेऊन मोजायचं म्हणजे चौतीस वर्षांच्या नोकरीवर शंका घेण्यासारखं होतं. "होऊ दे मोजणी," ते म्हणाले. "सरकारी होऊ दे. मग बघतो कोणाची हद्द कोणाला ठाऊक नाही ते."

ज्या कचेरीत आयुष्य काढलं तिथे आपल्याला बघून निदान एक जण तरी उठून उभा राहील, अशी काकांची माफक अपेक्षा होती. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता हात पुढे केला. काकांनी अर्ज दिला, आणि सोबत स्वतः दोन दिवस बसून काढलेलं जागेचं रेखाचित्र. उत्तरेचा बाण तर असा सुरेख की चौकटीत लावून ठेवावा. कारकुनाने ते उलटंसुलटं करून बघितलं आणि परत सरकवलं.

"हे हाताने काढलंय."

"हातानेच काढतात."

"असं चालत नाही काका. चांगल्या आरेखकाकडून काढून आणा."

काका तिथून घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र काकूंना ते वाक्य त्यांनी सात वेळा म्हणून दाखवलं, दर वेळी 'चांगल्या' ह्या शब्दावर वेगळा जोर देऊन. अर्जावर 'चांगल्या' आरेखकाची सही कुठून आणायची? शेवटी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने त्याच रेखाचित्रावर एक गोल शिक्का मारून दिला. तेच चित्र दुसऱ्या दिवशी बिनबोभाट स्वीकारलं गेलं. शिक्क्यावर काय लिहिलं होतं ते कुणालाही वाचता आलं नाही.

मोजणीच्या दिवशी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मास्तर तर शिट्टीसकट पूर्ण गणवेशात होते. मोजणीदार बाई तरुण होत्या, तिपाईवर यंत्र लावून झटपट काम करणाऱ्या. काका त्यांच्यामागून फिरत होते, आणि "तिपाई जरा डावीकडे कलली आहे" वगैरे मदत करत होते. तासाभरात बाईंनी एक खुंटी उचलली, दगडांच्या ओळीकडे पाठ केली, सात फूट आत काकांच्या अंगणात आल्या आणि स्वयंपाकघराचं मागचं दार व काकूंचं खुराडं ह्यांच्या बरोबर मध्ये ठोकली.

"नकाशाप्रमाणे हद्द ही."

सगळे खुंटीकडे बघत राहिले. खुराडं पलीकडे होतं. काकूंनी हौसेने बांधून घेतलेलं, पक्क्या विटांचं, पत्र्याच्या छपराचं खुराडं सरळ सरळ मास्तरांच्या जागेत होतं. म्हणजे दीड वर्ष कोंबड्या मास्तरांच्या जागेत जात नव्हत्याच. त्या तिथे राहत होत्या आणि चरायला काकांकडे येत होत्या.

मास्तरांचा चेहरा इतका फुलला की ते शिट्टी वाजवायचीच विसरले.

"एक मिनिट हं," बाई कागद चाळत म्हणाल्या. "जुन्या मोजणीवहीत इथे एकशे बारा फूट लिहिलंय. नकाशात एकशे पाचच भरतात. म्हणजे त्या वेळच्या आरेखकाने वहीतून उतरवताना घोटाळा केलाय. कागदावर दोन मिलिमीटर, पण जमिनीवर सात फूट होतात. असे एकेक नग होते पूर्वी! काळजी करू नका काका, आरेखकाची चूक म्हणून दुरुस्तीचा अर्ज करा. जागा परत मिळेल."

"बघू तो नकाशा," काका म्हणाले.

नकाशा त्यांनी हातात घेतला. सुंदर होता. रेषा केसासारखी बारीक, अक्षर मोत्यासारखं. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढी सही होती. काकांनी ती ओळखली. आपला अंगठा हळूच सरकवून त्यांनी तो अख्खा कोपरा झाकून टाकला.

"नकाशा बरोबर आहे," ते म्हणाले.

"अहो पण वही—"

"वही चुकली असेल. मोजणीदार उन्हात असतो, आरेखक सावलीत असतो. चूक कोणाची होईल?"

"काका, सात फूट जागा जातेय तुमची!"

"जाऊ दे."

काकू पुढे आल्या. "अहो, माझं खुराडं तिकडे गेलं."

"नकाशाप्रमाणे ते तिकडेच होतं."

"मी सांगून ठेवते, खुराडं हलणार नाही," काकू म्हणाल्या. "हलवायची तर रेष हलवा."

पण रेष हलवायची म्हणजे पट्टीकाकांनी स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, की तो नग मी. ते काही त्यांच्याच्याने होणार नव्हतं. जमीन काय, येते-जाते. चौतीस वर्षं मात्र एकदाच मिळतात, आणि ती बिनचूक होती एवढंच त्यांच्यापाशी शिल्लक होतं.

चार दिवसांत कुंपण उभं राहिलं, नकाशातल्या रेषेवर. प्रत्येक खांब काकांनी ओळंबा लावून तपासला. असं सरळ कुंपण त्या रस्त्यावर दुसरं नव्हतं. फक्त काकू, त्यांचं स्वयंपाकघर आणि काका एका बाजूला होते, आणि कोंबड्या दुसऱ्या.

पूर्वी मागच्या दारातून खुराडं अकरा पावलांवर होतं. आता पुढच्या दाराने रस्त्यावर, तिथून मास्तरांच्या फाटकातून, कोबीचे वाफे चुकवत, दोनशे चाळीस. काकूंनी ती पावलं रोज दोनदा, कोंड्याची बादली घेऊन, तोंडातून अक्षर न काढता घालायला सुरुवात केली. त्या घरातही अक्षर काढीनात. जेवणाचं ताट नीट यायचं, भाकरी तर इतकी गोल की मोजायची सोय राहिली नाही, पण बोलणं बंद. छत्तीस वर्षांत काकांनी काकूंची पुष्कळ बोलणी खाल्ली होती. गोल भाकरीचा हा अपमान त्यांना जास्त लागला.

आणि मास्तर? त्यांना सात फूट फुकट मिळाले, ते खूश असतील असं वाटेल. आठवड्याभरात त्यांचा चेहरा उतरला. पूर्वी कोंबड्या दोन अंगणांत मिळून चरत होत्या. आता त्यांना एकच अंगण होतं, मास्तरांचं, आणि त्यात कोबी होता. शिट्टी वाजवायची म्हटली तर ती घुसखोरांसाठी. आता घुसखोर कोण? मास्तर पहाटे वाफ्यात उभे राहून शिट्टी ओठांपर्यंत न्यायचे आणि खाली आणायचे, असं दूधवालीने पाहिलं.

एक कोंबडी एकदा जाळीवरून उडून काकांच्या बाजूला आली. काका इतके खवळले की स्वतःच चमकले. "मास्तर!" ते जाळीपाशी जाऊन ओरडले. "तुमच्या बाजूच्या कोंबड्या आवरा!"

दुसऱ्या दिवशी जाळीच्या भोकातून गुंडाळी करून पत्र आलं. पुन्हा सहा मुद्दे. सहावा होता : 'तरी कृपा करून आपली जागा परत घ्यावी.'

"घेणार नाही," काका जाळीतून म्हणाले.

"अहो, मला नकोय ती!" मास्तर जवळजवळ रडकुंडीला आले होते. "एवढी एक सही करायला तुमचं काय जातंय?"

काय जातंय ते काका कुणालाही सांगू शकत नव्हते.

तीन आठवड्यांनी मोजणीच्या कागदांसोबत त्या जुन्या नकाशाची प्रत टपालाने आली. काका दाढी करत होते, म्हणून पाकीट काकूंनी फोडलं. काका तोंडाला साबण तसाच घेऊन धावत आले, पण उशीर झाला होता. काकू चष्मा लावून खिडकीपाशी बसल्या होत्या आणि त्यांचं बोट उजव्या कोपऱ्यावर होतं.

"ही सही तुमची आहे."

काकांनी साबणाचा फेस कागदावर पडू नये म्हणून हनुवटीखाली हात धरला.

"म्हणजे तो नग तुम्ही! आणि मी रोज दोनशे चाळीस पावलं..." काकूंचा आवाज चढत चढत एकदम थांबला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "अहो. ही तारीख बघितलीत?"

"तारखेचं काय?"

"अठरा आहे. आपलं लग्न एकोणीसला झालं."

"मग?"

"लग्नाच्या आदल्या दिवशी तुम्ही ऑफिसात होतात?"

"रजा एकोणीसपासून मंजूर होती," काका म्हणाले. त्यांच्या मते प्रश्न तिथे संपत होता.

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "छत्तीस वर्षं मी जगाला सांगत आलेय, की ह्यांना काही वाटलं नाही म्हणून."

"नव्हतंच वाटलं. माझा हात कधी—"

"दोन मिलिमीटर," काकू म्हणाल्या.

काकांनी नकाशा घेतला, भिंग काढलं आणि ते खिडकीकडे पाठ करून उभे राहिले. रेषेच्या मध्यावर एक जागा होती. जाणकारालाच दिसावी इतकी. शाई तिथे जराशी दाटली होती. पेन थांबलं होतं तिथे. आणि काकांना ती दुपार आठवली. समोर वही उघडी होती, एकशे बारा आकडा दिसत होता, आणि त्याच वेळी ते एका मुलीचं हसणं आठवत होते जी त्यांनी आजवर दोनदाच पाहिली होती. ती उद्या आपल्या घरी येणार आणि आपल्याला तिच्याशी काय बोलायचं ते माहीत नाही, ह्याची त्यांना धास्ती होती. दुसऱ्या दिवशीही ती धास्ती गेली नव्हती. म्हणून तर ते दांडीकडे बघत होते. तिच्याकडे बघायची छाती होत नव्हती.

हे सगळं त्यांनी काकूंना सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "अर्ज करतो दुरुस्तीचा." काकूंनी साबण पुसायला टॉवेल दिला. त्या दिवशीची भाकरी चांगलीच वाकडी होती, आणि काका दोन खाऊन उठले.

अर्ज काही सुखासुखी गेला नाही. कारकून म्हणाला, "आरेखक हयात आहे का? हयात असेल तर त्याचा खुलासा लागतो."

"मीच आरेखक."

"तुम्ही तर अर्जदार. आरेखकाला वेगळी नोटीस जाईल."

ती रजिस्टरने आली. 'आपल्या हलगर्जीपणामुळे अर्जदारास जो मनस्ताप झाला त्याबद्दल' आरेखकाने पंधरा दिवसांत खुलासा करावा. मनस्ताप झालेले काका हलगर्जी काकांवर दिवसभर संतापले होते, आणि दोघेही मिळून कचेरीवर. मास्तर जाळीपलीकडून धीर देत होते, "लिहा काका, लिहा. कोबी जातोय माझा."

खुलाशाच्या फॉर्मवर एक रकाना होता : 'चुकीचे कारण'. काकांनी तीन फॉर्म वाया घालवले. पहिल्यावर 'अपुरा प्रकाश' लिहिलं आणि फाडलं, कारण ते खोटं होतं. दुसऱ्यावर 'वैयक्तिक', पण ते रजेच्या अर्जासारखं वाटलं. तिसरा कोराच चुरगळला. चौथ्यावर त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात एकच शब्द लिहिला : 'लग्न'.

आठ दिवसांत फॉर्म परत आला. लाल शाईचा शेरा होता : 'नमूद कारणाच्या पुष्ट्यर्थ पुरावा जोडलेला नाही.'

"पुरावा!" काका अंगणात येऊन गरजले. कोंबड्या, मास्तर, दूधवाली, सगळ्यांनी ऐकलं. "छत्तीस वर्षं संसार केला आणि ह्यांना पुरावा पाहिजे!"

"फोटो नेऊ या का?" काकूंनी विचारलं.

"फोटोत मी दांडीकडे बघतोय. तो आपल्याच विरुद्ध जाईल." काका येरझारा घालायचे थांबले. "तू साडी बदल."

सोमवारी साडेअकरा वाजता पट्टीकाका खिडकीशी उभे राहिले. कारकुनाने मान वर न करता हात पुढे केला.

"पुरावा आणलात?"

"आणलाय," काका म्हणाले, आणि बाजूला सरले. मागे काकू उभ्या होत्या, हातात पर्स, कपाळावर घाम, आणि कारकुनाकडे बघून जराशा लाजलेल्या. कारकुनाने पहिल्यांदाच मान वर केली.

"ही मूळ प्रत आहे," काका म्हणाले. "बघून लगेच परत करा."